अन्नपूर्णाबाईंच्या खांद्यावर

मित्रांनो, दारामागच्या खुंटीकडे कोणी मुद्दाम बघत नाही. दार उघडलं की ती झाकली जाते, आणि दार लावायची वेळ येते तेव्हा माणसं घरी निघालेली असतात. मी त्या खुंटीवर टांगलेली एक जुनी पिशवी आहे. माझे बंद लांब आहेत आणि अंगावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत. निळा रंग आता राखेसारखा झाला आहे. बुलढाण्यात, बसस्टँडपासून थोड्या अंतरावर, अडचणीत सापडलेल्या बायकांसाठी आणि त्यांच्या लेकरांसाठी चालवलेलं एक केंद्र आहे. त्याच्या पुढच्या खोलीत मी असते. मला आता कोणी खांद्याला लावत नाही.

माझा जन्म याच केंद्रात, मागच्या खोलीत झाला. त्या वर्षी कुणीतरी केंद्राला चार गाद्या करून दिल्या होत्या आणि त्यांचं हातभर कापड उरलं होतं. भिमाबाई नावाची एक बाई तेव्हा तिथं शिवण शिकत होती. नवऱ्यानं तिला दोनदा घराबाहेर काढलं होतं आणि तिसऱ्यांदा ती स्वतःच निघून आली होती. तिनं ते कापड उचललं, उलटसुलट बघितलं आणि मला शिवायला बसली. तिचा हात अजून बसला नव्हता. माझी एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर लांब झाली. सगळ्या हसल्या, तेव्हा भिमाबाई म्हणाली, "हसा. माह्या नवऱ्यानं एवढ्या वर्षांत मले सरळ बोलू देलं नाही, तं माही शिवण कुठून सरळ येईन?" मग तिनं आत एक खिसा लावला. तो मात्र अगदी सरळ होता. चष्म्यासाठी आहे, असं तिनं सांगितलं, कारण तिनं मला ज्यांच्यासाठी शिवलं होतं त्या, दिवसातून दहादा चष्मा शोधत असत.

त्या म्हणजे अन्नपूर्णाबाई. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत.

बाई धाड गावच्या. घरचा भाजीपाल्याचा मळा, शिवाय बाजारात भगवंतरावांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं, बियाण्यांचं दुकान. लेक शिकून पुण्याला गेली, घरात दोनच माणसं उरली, तेव्हा बाई केंद्रात येऊ लागल्या. आठवड्यातून तीन दिवस, सकाळच्या एसटीनं. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. भगवंतरावांना ते पहिली दोन वर्षं उमगलंच नाही. तुला तिथं कोणी साहेब आहे का, रजा मागावी लागते का, असं ते विचारत. नाही म्हटल्यावर, मग पावसातसुद्धा जातेस ती कोणाच्या भीतीनं, असं म्हणत. बाई छत्री घेत आणि मला खांद्याला लावत. पुढंपुढं तेच त्यांना गाडीपर्यंत सोडायला येऊ लागले. निघताना माझ्यात दोन पेरू टाकत. केंद्रातल्या लेकरांसाठी आहेत असं सांगत, आणि तू खाऊ नकोस असंही.

माझ्या पोटात काय काय असे ते सांगते. चष्मा. डोकेदुखीच्या गोळ्या. बिस्किटांचे पुडे, कारण आया बोलत असताना लेकरांच्या हाती काहीतरी द्यावं लागतं. एक ब्लाऊजपीस आणि एक नारळ. आणि जाड कागदाच्या पाकिटात घातलेली कोरी हमीपत्रं.

हमीपत्र म्हणजे काय ते समजून घ्या, कारण माझी सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे. नवऱ्याच्या घरून निघून आलेल्या बाईला घ्यायला सासरचे लोक केंद्रात येत. बाई दोन्हीकडचं ऐकून घेत. तिला जायचं आहे की नाही ते तिला वेगळं बसवून विचारत. ती हो म्हणाली, तरच पुढची बोलणी. मग सासरच्या माणसांकडून एका कागदावर लिहून घ्यायचं: हिला नीट नांदवू, हात उचलणार नाही, हिचं लेकरू हिच्यापासून तोडणार नाही. खाली सही आणि दोन साक्षीदार. सही झाली की बाई त्या मुलीची ओटी भरत. ज्यांना माहेर उरलेलं नाही अशा मुली असत त्या बहुतेक. केंद्राच्या उंबऱ्यावर उभं करून, पदरात नारळ आणि खण घालून, बाई त्यांना वाटी लावीत, म्हणजे माहेरच्यासारखी पाठवणी करीत. त्यासाठी तो नारळ माझ्यात असायचा. एक गेला की धाडच्या बाजारातून दुसरा.

कागद आधी आणि ओटी नंतर, हा बाईंचा नियम होता. सिंधूताई केंद्राच्या प्रमुख, त्या पगारी, शिकलेल्या. त्यासुद्धा नव्या येणाऱ्या बायकांना सांगत की कसं काम करायचं ते बाईंचं बघून शिका. कितीतरी जणी त्या कागदावर परत गेल्या. सगळ्याच सुखात नांदल्या असं नाही. पण ज्यांचं बिघडलं त्या तोच कागद घेऊन परत आल्या, आणि मग पुढं काहीतरी करता आलं.

ती माझी चांगली वर्षं होती. एकदा गावातल्या एका कार्यक्रमात बाईंना शाल मिळाली. त्यांनी ती घडी करून माझ्यात ठेवली, आणि परतीच्या एसटीत थंडी वाजणाऱ्या एका म्हातारीला देऊन टाकली. धाड रस्त्यावरचे कंडक्टर मला ओळखत. बाईंची बॅग आली म्हणजे गाडी भरली, असं एक जण नेहमी म्हणायचा. बाई त्याला बिस्किट देत.

मग प्रतीक्षा आली.

आषाढाचे दिवस होते. वय बावीस-तेवीस, अंगानं बारीक, कडेवर वर्षा-सव्वा वर्षाचा मुलगा. त्याचं नाव कुलदीप. अमडापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातलं तिचं सासर. आई लहानपणीच गेलेली, वडिलांनी दुसरं लग्न केलेलं, त्यामुळे माहेरचं दार बंदच. नवरा गोपाल मारायचा, पण तिनं त्याबद्दल फारसं सांगितलं नाही. तिला वेगळीच भीती होती. तिची नणंद करिष्मा सोनाळ्याला दिली होती, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. घरात बोलणं सुरू झालं होतं की हा मुलगा करिष्माला देऊन टाकावा, प्रतीक्षेला काय, दुसरा होईल.

"बाई, मले मार चालते," ती म्हणाली होती. "लेकरू नाही चालत."

बाईंनी हे वहीत लिहून घेतलं होतं. तिनं जसं सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत.

दीड महिना ती केंद्रात राहिली. कुलदीपला माझे बंद फार आवडत. तो ते चोखायचा, ओढायचा, आणि दूध पिऊन झोप आली की माझ्यावर डोकं ठेवून झोपायचा. मी पिशवी आहे, मला माणसांसारखं काही वाटतं की नाही ते मला सांगता येत नाही. पण ते डोकं जड नव्हतं एवढं आठवतं.

भाद्रपद आला. आमच्याकडे घरोघर महालक्ष्म्या बसतात, हे तुम्हाला माहीत असेल. तीन दिवस दोघी बहिणी पाहुण्या येतात, सोळा भाज्यांचं जेवण होतं, आणि लक्ष्म्यांच्या पुढ्यात त्यांची बाळं मांडतात. घरच्या सुनेवाचून हा सण होत नाही. त्या दिवसांत रुसून गेलेल्या सुनांना आणायला लोक हमखास येत. माणसं सणाला मऊ होतात, असं बाई म्हणत. महालक्ष्म्यांच्या आधीच्या आठवड्यात केंद्रात सगळ्यात जास्त घरं जोडली जात.

लक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी दुपारी प्रतीक्षेचा सासरा आला. शेषराव त्यांचं नाव. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, गळ्यात माळ. एकटेच आले होते, मुलाला आणलं नव्हतं. त्याचं तोंड तुम्हाला दाखवायची मला लाज वाटते, असं म्हणाले. खुर्ची दिली तर ती बाजूला करून खाली सतरंजीवर बसले. पाणी मागितलं, आणि ते सुनेच्या हातून मागितलं. सिंधूताई स्वतःच्या घरच्या सणासाठी रजेवर होत्या. केंद्रात बाई एकट्याच होत्या. त्यांच्याही घरी दुसऱ्या दिवशी लक्ष्म्या यायच्या होत्या, मखर बांधायचं राहिलं होतं, आणि चारच्या गाडीनं त्यांना धाडला पोचायचं होतं.

बाईंनी सगळं नेहमीसारखं विचारलं. मारहाणीचं विचारलं. करिष्माचं विचारलं. शेषरावांनी काहीच नाकारलं नाही. मुलाचा हात सैल आहे हे खरं, म्हणाले. करिष्माचं बोलणं बायकांत निघालं होतं हेही खरं, पण मी जिवंत असेपर्यंत तसं होणार नाही. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"उद्या घरी लक्ष्म्या येतात, बाई. त्याहिच्या पुढं त्याहिचे लेकरं मांडा लागतात. अन् आमच्या घरची लक्ष्मी इथं, आमच्या घरचं लेकरू इथं. मी आरती कोन्या तोंडानं करू?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पुडी काढली. तीत भंडारा होता, आणि त्यावर बेलाचं पान. ते दोन्ही त्यांनी उजव्या हातात घेतलं, डोळे मिटले आणि शपथ घेतली की सुनेला लेकीसारखं ठेवीन आणि लेकरू तिच्या पदराबाहेर जाऊ देणार नाही.

आमच्या भागात बेलभंडार उचलला की बोलणं संपतं. जमिनीची भांडणं त्यावर मिटलेली मी ऐकली आहेत. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी प्रतीक्षेला आत नेलं आणि विचारलं. तिनं कडेवरच्या कुलदीपचं झबलं सारखं केलं. मग म्हणाली की मामंजी वाईट माणूस नाही, जाते मी. आणि मग तिनं ते विचारलं.

"बाई, कागद?"

पाकीट माझ्यात होतं. चष्म्याच्या खिशाला लागूनच होतं. बाईंचा हात माझ्यात आलासुद्धा होता. तो थांबला.

"मोठ्या माणसानं बेलभंडार उचलला, बेटा," बाई म्हणाल्या. "आता वर कागद मागणं बरं दिसत नाही."

प्रतीक्षेनं मान हलवली. बाईंच्या हातात माझ्यातून कागदाऐवजी नारळ आला. उंबऱ्यावर तिची ओटी भरली गेली. शेषरावांनी कुलदीपला कडेवर घेतलं आणि त्याच्या कपाळाला तोच भंडारा लावला. बाई त्या तिघांना स्टँडपर्यंत सोडायला गेल्या. चिखलीची गाडी लागली होती. खिडकीतून कुलदीप माझ्या बंदाला हात लांब करत होता.

चारची गाडी बाईंना मिळाली. त्या वर्षी आमच्या घरच्या लक्ष्म्या फार सुंदर बसल्या होत्या. सोळा भाज्या मळ्यातल्याच होत्या, दोन तेवढ्या विकत आणल्या. भगवंतराव म्हणाले की यंदा तुझं मन थाऱ्यावर दिसतं. बाईंनी त्यांना प्रतीक्षेचं सांगितलं. एक घर जोडून आले, म्हणाल्या.

विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही केंद्रात पोचलो, तेव्हा प्रतीक्षा पायरीवर बसलेली होती. एकटी. तिच्या ब्लाऊजच्या पुढच्या बाजूला दोन ओले डाग होते. ते काय आहेत ते बाईंना बघताक्षणी कळलं. त्यांनी स्वतःचा पदर काढून तिच्या अंगावर घातला आणि तिला आत नेलं.

झालं होतं ते असं. सणाला करिष्मा माहेरी आली होती. प्रतीक्षेनं लक्ष्म्या बसवल्या, पुरण वाटलं, सवाष्णी जेवू घातल्या. विसर्जनाच्या दिवशी, ती नदीवर गेलेली असताना, करिष्मा आणि तिचा नवरा कुलदीपला घेऊन सोनाळ्याला निघून गेले. प्रतीक्षा परत आली तर घरात लेकरू नव्हतं. तिनं सासऱ्याला विचारलं. ते ओट्यावर माळ घेऊन बसले होते. म्हणाले, पदराबाहेर जाऊ देणार नाही म्हटलं होतं, करिष्माचाही पदर याच घरचा आहे. ती ओरडली तेव्हा गोपालनं तिला मारलं आणि दुसऱ्या दिवशी अमडापूरच्या स्टँडवर आणून सोडलं.

बाई सगळं ऐकून घेऊन उठल्या. त्यांनी मला खांद्याला लावलं आणि त्या प्रतीक्षेला घेऊन तशाच निघाल्या.

त्या दिवसापासून मी जेवढी हिंडले तेवढी आधी कधी हिंडले नव्हते. चिखली, अमडापूर, तिथून जीपनं ते खेडं. शेषराव भेटले नाहीत, देवाला गेले होते. पोलीस ठाण्यात गेलो. तिथले साहेब वाईट बोलले नाहीत. त्यांनी चहा मागवला, आणि लिहून घेतलं होतं का काही, असं विचारलं. बाई म्हणाल्या, शपथ घेतली होती. साहेबांनी पेन खाली ठेवलं. आजोबानं नातू त्याच्या आत्याकडे पाठवला, बाई, याच्यात मी काय लिहू, असं ते म्हणाले. तुमच्याकडे तर कागद असतो म्हणतात, असंही म्हणाले. पाकीट तेव्हाही माझ्यात होतं, कोऱ्या कागदांनी भरलेलं.

मग सोनाळा. तीन गाड्या बदलून पोचलो तेव्हा दुपार झाली होती. करिष्माच्या अंगणात कुलदीप बसला होता. अंगावर नवे कपडे, डोळ्यांत काजळ. आईला पाहून तो रडत पुढं आला. प्रतीक्षेनं त्याला उचललं आणि तिथंच, सगळ्यांसमोर, खाली बसून अंगाशी घेतलं. तो प्यायला लागला. करिष्मा दारात उभी होती. मित्रांनो, मला वाटलं होतं की ती दुष्ट असेल. ती तशी नव्हती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"मी चोरून नाही आणलं, बाई," ती म्हणाली. "माह्या बापानं माह्या ओटीत टाकलं. ओटीतलं कोनी परत मांगते का?"

तेवढ्यात तिचा नवरा आला, चार माणसं आली, आणि कुलदीपला प्रतीक्षेच्या हातून काढून घेतलं गेलं. ओढाताणीत माझी शिवण उसवली, ती कड अजून तशीच आहे. परतीच्या गाडीत प्रतीक्षा एकदाच बोलली. बाईंकडे न बघता, खिडकीबाहेर बघत.

"तुम्हाले बरं दिसलं नसतं ना, बाई?"

शेगाव येईपर्यंत बाईंनी माझे बंद दोन्ही मुठींत धरून ठेवले होते.

पुढं कोर्ट झालं. वकील चांगले मिळाले, त्यांनी मनापासून काम केलं. पण समोरून असं मांडण्यात आलं की आईनं आपल्या खुशीनं मूल आत्याला दिलं, ती स्वतः ओटी भरून सणाला आली होती, तिला कोणी जबरदस्तीनं आणलं नव्हतं. केंद्राच्या वहीत प्रतीक्षेचे शब्द होते, पण याच्याविरुद्ध सासरच्यांच्या सहीची एक ओळही नव्हती. बाईंनी साक्ष दिली. नेहमी तुम्ही लिहून घेता, मग याच वेळी का घेतलं नाही, असं त्यांना विचारलं गेलं. बाई म्हणाल्या, माझी चूक झाली. समोरच्या वकिलांनी ते मोठ्यानं परत म्हणून दाखवलं. तारखा पडत राहिल्या. प्रतीक्षेचं दूध कधीच आटलं होतं.

बाईंनी केंद्रात येणं थांबवलं नाही. पण त्यांनी परत कोणाची ओटी भरली नाही. माझ्यात एक नारळ राहिला होता. तो आतून वाळून खुळखुळ वाजू लागला, तेव्हा सिंधूताईंनी काढून टाकला. सिंधूताईंनी त्यांना एकदा समजावलं, की बाई, तुम्ही एवढ्या जणींची घरं सावरलीत. बाई म्हणाल्या, त्यांना माझ्यामुळे काही मिळालं असेल, हिचं माझ्यामुळे गेलं. त्यांच्या घरी त्यानंतर लक्ष्म्या बसल्या, पण पुढ्यातली बाळं भगवंतराव मांडत. बाई स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत.

सव्वा वर्षानं कोर्टानं एवढं केलं की निकाल लागेपर्यंत महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुलाला दोन तास आईला भेटवावं, केंद्रात, पुढच्या खोलीत. पहिल्या भेटीला बाई हजर होत्या. कुलदीप अडीच वर्षांचा झाला होता. करिष्माच्या मांडीवर बसला होता, पायात आवाज करणारे बूट. प्रतीक्षेनं हात पुढं केले. तो करिष्माच्या कानाशी गेला आणि त्यानं कुजबुजत विचारलं, पण लेकरांची कुजबुज सगळ्या खोलीला ऐकू येते.

"आई, हे कोन व्हय?"

प्रतीक्षाच म्हणाली, "मावशी आहे मी, बाळा."

बाई उठून मागच्या खोलीत गेल्या.

त्या हिवाळ्यात त्या आजारी पडल्या. खोकला होता, मग तो छातीत गेला, मग औरंगाबादच्या दवाखान्यात अकरा दिवस. मी त्यांच्या पलंगाला टांगलेली होते. पुण्याहून लेक आली होती, संजीवनी. ती शेजारी बसून वाचत असायची, मोठ्यानं नाही. शेवटच्या दोन दिवसांत बाई मधूनमधून हात लांब करून माझ्यात काहीतरी शोधत. चष्मा दिला तर तो नको होता. पाण्याची बाटली नको होती. संजीवनीला कळत नव्हतं की आईला काय हवं आहे. मला कळत होतं, पण मी सांगू शकत नव्हते. त्या गेल्या तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि भगवंतराव चहा आणायला खाली गेले होते.

तेराव्यानंतर संजीवनीनं मला रिकामं केलं. गोळ्या, तिकिटांचे तुकडे, बिस्किटांचा चुरा. कोऱ्या हमीपत्रांचं पाकीट तिनं बराच वेळ हातात धरलं. एक कागद काढून पूर्ण वाचला, परत ठेवला. मला पुण्याला न्यायची तिची इच्छा होती असं मला वाटतं. पण ती मला घेऊन केंद्रात आली आणि दारामागच्या या खुंटीला अडकवून गेली. सिंधूताईंना एवढंच म्हणाली की कोणाला लागली तर वापरू द्या.

कोणी वापरली नाही. हल्ली सगळ्यांकडे पाठीवरच्या बॅगा असतात. सुरुवातीला बायका आत येताना माझ्याकडे बघून बाईंचं नाव काढत, पुढं तेही कमी झालं. माझ्यावर धूळ बसली. एकदा कोणीतरी माझ्यात पावसाळी टोपी ठेवून विसरलं.

प्रतीक्षा आता बुलढाण्यातच राहते. केंद्रात भिमाबाईच्या हाताखाली शिवते. भिमाबाईची शिवण आता सरळ असते, तिच्याकडे आठ मुली शिकतात. दर पहिल्या शनिवारी प्रतीक्षा पुढच्या खोलीत येऊन बसते. पहिल्या तीन भेटींनंतर सोनाळ्याहून येणं तुटक झालं. कधी ताप आला म्हणत, कधी गाडी चुकली म्हणत. नंतर फोनही येईना. वकील अर्ज करत राहिले. प्रतीक्षा दोन तास बसायची, आणि मग आणखी दोन. सोनाळ्याची माणसं उशिरा आली तर, म्हणून.

दर महिन्याला ती एक सदरा शिवते. पहिल्यांदा भिमाबाईनं माप विचारलं, तेव्हा तिनं दोन्ही हात हवेत धरून दाखवलं, एवढा. तो सदरा घेऊन ती बसली, कोणी आलं नाही, आणि जाताना ठेवायला जागा दिसेना म्हणून तिनं तो माझ्यात ठेवला. पुढच्या महिन्यात दुसरा. असे सहा झाले. मी परत भरू लागले होते.

सातव्या शनिवारी ते आले. कुलदीप आता चार वर्षांचा आहे. करिष्मानं सांगितलं की त्याला शाळेत घातलं आहे, म्हणून येता येत नाही. प्रतीक्षेनं सातवा सदरा काढला, पिवळा, पुढं खिसा असलेला, आणि त्याच्या डोक्यातून घालू लागली. तो डोक्यातच अडकला. ती हलक्या हातानं ओढत होती आणि आतून तो "आई, आई" करून रडत होता. ती हाक करिष्माला होती. करिष्मा उठली, तिनं सदरा वर काढला, त्याचे डोळे पुसले. मग प्रतीक्षेच्या शेजारी बसून हळूच म्हणाली,

"ताई, छाती बावीस लागते आता त्याले."

प्रतीक्षेनं मान हलवली. खडूच्या तुकड्यानं तिनं आपल्या तळहातावर बावीस लिहिलं. सदऱ्याची घडी केली, बाह्या आत दुमडल्या आणि उठून तो माझ्यात ठेवला. सगळे एकाच मापाचे आहेत, मित्रांनो. सव्वा वर्षाच्या लेकराच्या अंगाचे.

त्याला महिना होऊन गेला. काल दुपारी महालक्ष्म्यांसाठी एका सुनेला न्यायला माणसं आली होती. त्यांच्यात एक म्हातारे गृहस्थ होते, शेषरावांसारखेच गोड बोलत होते.

अशा गोष्टीच्या शेवटी माझ्यासारख्या वस्तू काहीतरी मागतात. मला धुवावं, माझी उसवलेली कड शिवावी, मला परत बाजारात न्यावं असं मी म्हणणार नाही. माझं आता झालं. मी फक्त एवढं मागते, आणि तेही माझ्यासाठी नाही. तुमच्या घरातून, गल्लीतून, गावातून एखादी बाई कुठं जायला निघाली असेल, आणि जाता जाता, दारातून मागं वळून, तिनं तुमच्याकडे काही मागितलं, तर ते बरं दिसेल की नाही याचा विचार करत थांबू नका. समोर कितीही मोठं माणूस बसलेलं असो. ते तिला द्या.

बाई फार चांगल्या होत्या. फक्त एकदा त्यांनी ते दिलं नाही.